सील लागल्यावर

माझं काम कागदांचं. सांगलीत एका द्राक्ष निर्यातदाराकडे मी डॉक्युमेंटेशन बघतो. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटो (मालाला रोग-कीड नसल्याचा दाखला), शिपिंग बिल, बीएल, हा माझा रोजचा संसार. घरची बाग तासगाव तालुक्यात आहे, त्यामुळे जानेवारी ते एप्रिल माझी जरा पंचाईत असते. दिवसा मी कंपनीचा माणूस आणि रात्री जेवायला बसलो की बागायतदाराचा पोरगा. दोन्हीकडे प्रश्न एकच, "कंटेनर कुठवर आला?" ऑफिसात त्याचं उत्तर जहाजाचं नाव सांगून देता येतं. घरी वडिलांना, आण्णांना, जहाजाच्या नावाशी काही देणंघेणं नसतं. त्यांना विचारायचं असतं पट्टीचं, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचं. पण पैशाचं पोराला थेट कसं विचारायचं, म्हणून ते कंटेनरचं विचारतात.

कंटेनर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हायवेला उजव्या लेनमधून रेंगाळणारी लांबलचक गाडी येते. शिव्या घालण्यापलीकडे त्या लोखंडी पेटीकडे कोणी फारसं बघत नाही. मला मात्र तिचा नंबर वाचायची खोड लागली आहे. चार इंग्रजी अक्षरं, त्यातलं चौथं बहुधा यू, पुढे सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एकटाच बसलेला सातवा आकडा. हा सातवा आकडा आधीच्या अक्षरांवरून आणि आकड्यांवरून हिशेबाने काढतात. टाइप करताना एक आकडा इकडचा तिकडे झाला तर हिशेब जुळत नाही आणि चूक तिथेच पकडली जाते. रात्री दीड वाजता शिपिंग बिल भरणाऱ्या माणसाला या सातव्या आकड्याचा केवढा आधार असतो, ते ज्याचं त्यालाच माहीत.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंची मुलगी नेदरलँड्सला असते. त्यांना कुठून तरी कळलं की आमचा माल रॉटरडॅमला जातो. आल्या आणि म्हणाल्या, "तुमचा कंटेनर तिकडंच चाललाय न्हवं? मग एका कोपऱ्यात पितळी डब्यांचा सेट आणि दोन किलो कुरडया बसत्यात की." त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. एसटीच्या ड्रायव्हरकडे डबा दिला की पुण्याला पोरापर्यंत पोहोचतो, हे आपण पिढ्यान् पिढ्या बघितलंय. त्यांना समजावून सांगितलं की पॅकिंग लिस्टमध्ये नसलेली एक टाचणीही त्यात घालता येत नाही, आणि शिवाय तुमच्या कुरडया शून्य अंशावर जातील. सुट्या मालासाठी एलसीएल असतं. दहा-वीस जणांचा माल गोळा करून एकाच कंटेनरात भरतात आणि घनमीटरावर भाडं लावतात. माल हलका पण आकाराने मोठा असला तर घनमीटर धरतात, जड असला तर टन, जे जास्त भरेल ते. आणि पिशवीभर सामान असलं तरी बहुतेक ठिकाणी निदान एका घनमीटराचं बिल लागतंच. काकूंनी हिशेब शांतपणे ऐकून घेतला. कुरडया जावयाच्या बॅगेतून गेल्या. पितळी डबे अजून त्यांच्या फळीवरच आहेत.

आमच्या घराचा समुद्राशी संबंध द्राक्षांच्या आधीपासूनचा आहे. माझे चुलत आजोबा मुंबईच्या गोदीत होते. त्या काळी सातारा-सांगलीकडच्या गावांतून घरटी एक माणूस मुंबईला असायचा. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी मशीद बंदरला पाठीवर पोती वाहायला. पोती ओढायचा लाकडी मुठीचा लोखंडी हूक आजोबांनी गावी येताना सोबत आणला होता. तो बरीच वर्षं आमच्या गोठ्यात वैरणीच्या पेंढ्या ओढायला वापरात होता. मुठीचं लाकूड हाताच्या घामाने काळं पडून इतकं गुळगुळीत झालं होतं, की नवख्याच्या हातातून तो सटकायचा. जहाजाच्या पोटात उतरायचं, एकेक पोतं, एकेक पेटी, एकेक पिंप जाळ्यात रचायचं, क्रेनने ते वर जायचं आणि पुन्हा पुढचं. एक जहाज रिकामं व्हायला आठवडा सहज लागायचा. बोटीचा समुद्रातला वेळ आणि धक्क्यावर उभं राहण्याचा वेळ यांत फार फरक नसायचा.

हे सगळं बदललं ते एका ट्रकवाल्यामुळे, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाचा माल्कम मॅक्लीन. त्याचं म्हणणं सरळ होतं: ट्रकमधला माल काढून जहाजात भरण्यापेक्षा ट्रकची पेटीच उचलून जहाजावर ठेवा. २६ एप्रिल १९५६ ला 'आयडियल एक्स' नावाचं जुनं तेलवाहू जहाज अशा ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. सुटा माल हातांनी चढवायला तेव्हा टनामागे ५.८३ डॉलर पडायचे, पेटीतून चढवायला १६ सेंटांच्या आसपास पडले. एवढा फरक दिसल्यावर जगात कोण थांबणार? पुढे पेट्यांचे आकार ठरले, वीस फुटी आणि चाळीस फुटी. आठही कोपऱ्यांना सारखी भोकं असलेले ओतीव ठोकळे आले. कुठल्याही देशाची क्रेन कुठल्याही देशाची पेटी उचलू लागली.

त्या फरकातल्या पैशात आजोबांचा पगार होता. हमालांसाठी लढलेले अण्णासाहेब पाटील आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातले, पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. त्यांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा झाला, आणि पाठीवर ओझं वाहणाऱ्याला हजेरी, भविष्यनिर्वाह निधी, दवाखाना यांचा हक्क मिळाला. जगात इकडे कायदा होत होता आणि तिकडे पाठीची गरजच संपवणारी पेटी तयार होत होती. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याला जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं आणि कंटेनरचं काम हळूहळू खाडीपलीकडे गेलं. आजोबा तोवर निवृत्त होऊन गावी आले होते. मी पेटीच्या बाजूने बोलतो, कारण माझं पोट तिच्यावर आहे. पण ती फुकट आली असं कोणी म्हणालं की मला तो गोठ्यातला हूक आठवतो.

आता द्राक्षाचा कंटेनर कसा भरतात ते सांगतो, कारण वाद पुढे जिथे उभे राहतात त्याची मुळं इथेच असतात.

माल सकाळी लवकर तोडायचा, ऊन चढायच्या आत. आमच्याकडे अर्धी बाग तास-ए-गणेशची आहे. थॉमसन या द्राक्षाच्या जातीतूनच निवडलेला हा वाण, तासगाव तालुक्यातल्या वसंतराव आर्वे यांनी पुढे आणलेला. तोडलेला घड देठाला धरूनच क्रेटमध्ये ठेवायचा. मण्यावर मेणासारखा पांढुरका थर असतो, बोट लागलं की तो पुसला जातो, आणि युरोपातल्या गिऱ्हाइकाला तो थर पाहिजे असतो. क्रेट झाकून गाडीने पॅकहाउसला. तिथे बायकांच्या रांगा. छोट्या कात्रीने घडातला एखादा दबलेला, एखादा बारका, एखादा डागी मणी अशा सफाईने काढतात की शेजारच्या मण्याला धक्का लागत नाही. एकेक घड अर्ध्या किलोच्या पनेटमध्ये, म्हणजे छोट्या डब्यात, पनेट खोक्यात, वर सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागदी पॅड म्हणजे बुरशी धरत नाही. मग प्री-कूलिंग. बागेतून पंचवीस-तीस अंशांनी आलेला मणी काही तासांत चार अंशांच्या खाली आणायचा आणि नंतर शून्याजवळ टेकवायचा.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. रीफर कंटेनर म्हणजे मोठा फ्रिज, त्यात घातलं की माल थंड होतो, असं अजून कित्येक शेतकऱ्यांना वाटतं. काही नव्या निर्यातदारांनाही वाटतं. रीफर माल थंड करत नाही. थंड माल थंड ठेवतो, एवढंच त्याचं काम. त्याची मशीन त्या हिशेबानेच बनवलेली असते. गरम माल आत गेला तर महिनाभर मशीन धापा टाकत राहील आणि मधल्या पॅलेटचे, म्हणजे लाकडी तराफ्यावर रचलेल्या खोक्यांतले, मणी आतल्या आत म्हातारे होतील. म्हणून भरण्याआधी आमचे सुपरवायझर प्रत्येक पॅलेटमधला एखादा घड उघडतात, मण्यात थर्मामीटरची सुई खुपसतात आणि आकडा स्थिर होईपर्यंत दम धरून उभे राहतात. बाहेर ड्रायव्हर हॉर्न देत असतो, मालकाचा फोन वाजत असतो, तरी उभे राहतात. माझ्या मते अख्ख्या निर्यातीतला सगळ्यात मोलाचा माणूस हाच. पण त्याची सही एकाही कागदावर नसते.

कंटेनरची फरशी सपाट नसते. ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या असतात आणि त्यांच्या फटींतून थंड हवा खालून येते, मालातून वर चढते आणि छताखालून परत मशीनकडे जाते. म्हणून भिंतीवर एक लाल रेघ असते. तिच्या वर खोकं गेलं की हवेची वाट बंद. वीसेक पॅलेट बसतात, बारा-चौदा टन माल. पॅलेटचं लाकूडसुद्धा असंतसं चालत नाही. आतून ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेलं हवं, म्हणजे त्यात किडा-अंडं राहत नाही, आणि त्यावर तसा शिक्का हवा. शेवटच्या, दाराजवळच्या पॅलेटवर डेटा लॉगर चिकटवायचा. काडेपेटीएवढी वस्तू, पण वाटभर तापमान लिहीत जाते. दारं बंद. बोल्ट सील. खटका बसल्याचा आवाज येतो आणि सगळे एकदम सैलावतात. कोणीतरी चहा मागवतो.

हळद, बेदाणा यांचं काम त्या मानाने सोपं. साधा कोरडा कंटेनर लागतो. पण तोही डोळे झाकून घ्यायचा नसतो. रिकामा कंटेनर आला की एक माणूस आत जातो, बाहेरून दारं लावून घ्यायला सांगतो आणि त्या काळोखात छताकडे बघत उभा राहतो. कुठे सुईएवढा जरी उजेड दिसला तरी कंटेनर परत. तिथून पावसाचं पाणी येणार. नंतर तो नाक वर करून वास घेतो. आधी त्यात रसायन, कातडी किंवा मासळी गेली असेल तर हळदीला तो वास लागतो. आणि भोक नसलं तरी पाणी येतंच. उष्ण मुलखात भरलेल्या मालातली ओल थंड समुद्रात गेल्यावर छताला धरते आणि थेंबथेंब पोत्यांवर गळते. म्हणून आत ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगाव्या लागतात. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत वर्षानुवर्षं हळद कोरडी राखणाऱ्या सांगलीकरांना हे वेगळं शिकवायची गरज पडत नाही. २००५ च्या पुरात त्या पेवांचं काय झालं, हेही त्यांनी बघितलंय.

सील लागल्यावर गाडी कराडला हायवेला लागते. कंटेनरच्या मशीनला वीज देणाऱ्या जेनसेटचं डिझेल, खंबाटकीचा बोगदा, त्यापुढचं ते एस वळण, पुणे, बोरघाट, पनवेल. साडेतीनशेच्या आगेमागे किलोमीटर. कवठेमहांकाळच्या रांजणीला ड्रायपोर्ट, म्हणजे समुद्रापासून दूरचं कंटेनरचं बंदर, होणार अशी घोषणा झाली होती, तेव्हा आम्ही सगळे खूश झालो होतो. एवढ्यावर तो विषय सोडतो.

बंदरात माल चढला की बीएल येतो, बिल ऑफ लेडिंग. या कागदावर माझं मन बसलं आहे, म्हणून जरा रेंगाळतो. हा कागद म्हणजे माल मिळाल्याची पावती, वाहतुकीचा करार आणि मालाची मालकी, तिन्ही एकात. मूळ प्रती साधारण तीन काढतात. त्यातली एक दाखवून माल सुटला की बाकीच्या दोन रद्दी. आपल्याकडे या कागदाचा कायदा १८५६ सालचा होता, सत्तावनच्या उठावाच्या आदल्या वर्षीचा. २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला. तर या बीएलवर आमच्या मालाबद्दल एक वाक्प्रयोग छापलेला असतो, 'सेड टू कंटेन'. म्हणजे आत द्राक्षं आहेत असं पाठवणारा म्हणतो, आम्ही काही उघडून बघितलेलं नाही. शिवाय भरला कोणी, रचला कोणी, मोजला कोणी, तर पाठवणाऱ्यानेच. जहाज कंपनी हमी देते ती मशीनवर लावलेल्या तापमानाची. आतला मणी कसा होता आणि कसा पोहोचला, याची नाही.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, त्यांच्या जागी मी असतो तरी हेच लिहिलं असतं. हजारो बंद पेट्या नेणाऱ्याने कशाकशाची जबाबदारी घ्यायची? प्रश्न एवढाच की तो घेत नाही, तर ती जाते कुठे. विमा आहे ना, असं लोक म्हणतात. सागरी विम्याच्या नेहमीच्या कलमांत, अगदी सगळ्यात मोठ्या संरक्षणाच्या पॉलिसीतसुद्धा, उशिरामुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं. मालाच्या मूळ नाशवंत स्वभावामुळे झालेलंही वगळलेलं असतं. आता द्राक्षाचं नुकसान उशीर आणि नाशवंतपणा सोडून आणखी कशाने होतं, हे मला कोणीतरी सांगावं.

आणि उशीर व्हायला हल्ली समुद्रात कारणांची कमी नाही. २३ मार्च २०२१ ला 'एव्हर गिव्हन' हे चारशे मीटर लांब जहाज सुएझ कालव्यात आडवं रुतलं. तेही रॉटरडॅमलाच निघालं होतं. २९ मार्चला सुटलं. सहाच दिवस, पण ऐन आमच्या हंगामातले, आणि मागे शेकडो जहाजांची रांग. त्या आठवड्यात तासगावच्या बाजारात इजिप्तचा नकाशा पाठ नसलेला माणूस विरळा. आमचे एक बागायतदार मला म्हणाले, "जेसीबी लावून निघंना व्हय? आमच्याकडं ऊसाचा ट्रॉला रुतला तर दोन तासांत काढत्यात." जेसीबी तिथेही लावला होता. तो एवढासा जेसीबी आणि ते डोंगराएवढं जहाज, हा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला.

सुटल्यावर त्या जहाजाच्या मालकाने जनरल ॲव्हरेज जाहीर केलं. हा समुद्रावरचा फार जुना रिवाज आहे. जहाज वाचवायला खर्च झाला किंवा काही माल समुद्रात टाकावा लागला, तर तो भार जहाजमालक आणि त्या जहाजावर ज्यांचा ज्यांचा माल आहे ते सगळे आपापल्या किमतीच्या प्रमाणात उचलतात. तुमच्या खोक्याला ओरखडा नसला तरी तुमचा वाटा भरल्याशिवाय किंवा त्याची हमी दिल्याशिवाय माल सुटत नाही. आण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांना ते एकदम पटलं. पाणीपुरवठ्याची मोटर जळली तर सगळे पाणीवाले वर्गणी काढतात, तसंच. त्यांचा आक्षेप दुसराच होता. "फायद्यात पण असाच वाटा देत्यात का?"

मग १९ नोव्हेंबर २०२३ ला तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज पकडलं, हल्ले सुरू झाले, आणि युरोपची कंटेनर जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. २०२४ चा हंगाम आमच्या डोळ्यांदेखत लांबला. वीस-पंचवीस दिवसांची वाट दहा ते पंधरा दिवसांनी वाढली, भाडंही चांगलंच चढलं. १८६९ मध्ये सुएझ उघडल्यावर जी वाट ओस पडली, तिच्यावरून आमचा तास-ए-गणेश चालला होता. शून्य अंशावर मणी तसा टिकतो. पण देठ सुकतो. हिरवा देठ तपकिरी झाला की तिथला खरेदीदार म्हणतो माल शिळा, आणि भाव पडतो. मण्यात काडीचा दोष नसतो.

युरोपचा बराच माल कन्साइनमेंटवर जातो, म्हणजे भाव इथे ठरत नाही. कधी किमान हमीभाव ठरलेला असतो, कधी तोही नाही. माल तिकडे पोहोचायचा, दार उघडायचं, त्यांच्या माणसाने घड हातात घ्यायचा, आणि मग त्या दिवशी बाजारात चिलीचा, दक्षिण आफ्रिकेचा माल किती आलाय ते बघून पैसे ठरायचे. त्यातून भाडं, शीतगृह, हाताळणी, कमिशन, क्लेम वजा. जे उरेल ते इकडे येतं, त्यातून निर्यातदार आपलं काढतो, आणि उरलेल्याची शेतकऱ्याला पट्टी. हुकाने पोतं ओढणाऱ्या आजोबांचं ओझं संध्याकाळी पाठीवरून उतरायचं आणि त्याची हजेरी लागायची. आण्णांचं ओझं सील लागल्यावर महिना-दीड महिना समुद्रावर तरंगत असतं.

२०१० साली हे तालुक्याने फार वाईट पद्धतीने अनुभवलं. मी तेव्हा शिकत होतो. युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त सापडले. आमच्याकडे त्याला सीसीसी म्हणतात, वेलीची वाढ रोखायला वापरायचे. २००६ पासून अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेचं ग्रेपनेट होतं, प्रत्येक बागेची नोंद होती, प्रयोगशाळेचे दाखले होते. पण इथल्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हतं, त्यामुळे दाखल्यावर सगळं स्वच्छ. कंटेनर तिकडे उघडले आणि अडकले. बागायतदारांकडे कागद पूर्ण होते, कागदांवर शिक्के होते, आणि पैसे नव्हते. त्यानंतर तपासणी कडक झाली, औषधांची वही आली, आता फवारणीच्या तारखा आण्णा कॅलेंडरवर लिहितात. ही सुधारणा खरी आहे, तिला नावं ठेवायची नाहीत. फक्त तिची फी ज्यांनी भरली त्यांतल्या काहींनी बागा काढून टाकल्या.

मध्यंतरी आमच्या ऑफिसातलं एक प्रकरण झालं. तिकडून क्लेम आला, मणी गळलेत, दाराकडच्या पॅलेटचे फोटो सोबत. लॉगर उघडला. आलेखाची रेघ सगळीकडे सरळ होती, फक्त सुरुवातीला, गाडी बंदरात पोहोचायच्या आत, एक टेंगूळ आलेलं होतं. म्हणजे समुद्राचा काही दोष नाही, रस्त्यात कुठेतरी जेनसेट बंद पडला होता. ट्रान्सपोर्टवाला म्हणाला माल भरतानाच गरम होता. सुपरवायझरने वही आणून दाखवली, प्रत्येक पॅलेटचा आकडा, वेळेसकट. खरेदीदाराने तोवर आपली रक्कम कापून घेतली होती. ट्रान्सपोर्टवाल्याने थोडे सोसले, आमच्या मालकांनी थोडे सोसले, आणि उरलेलं पट्टीत 'क्वालिटी' या एका ओळीखाली गेलं. ज्यांच्या बागेचा तो माल होता त्यांनी मला फोन केला. माल तोडल्यानंतरच्या एकाही गोष्टीवर त्यांचा हात पोहोचत नव्हता. मी त्यांना आलेख पाठवला. त्यांनी विचारलं, "ह्याचं करू काय?"

कोणी म्हणेल, मग कंटेनरच्या नादाला लागताच कशाला? बांधावर व्यापारी येतोच की. येतो. काटा करतो, गाडी भरतो, निम्मे रोख देतो आणि बाकीचे 'आठ दिवसांत'. दर हंगामात असा कोणीतरी परगावचा व्यापारी फोन बंद करून गायब होतो आणि पोलीस स्टेशनात बागायतदारांची रांग लागते. त्या हिशेबाने कंटेनरचा धंदा फार सरळ आहे. त्यात लबाडी कमी आहे, कागद आहेत, नोंद आहे, आणि वर्ष चांगलं गेलं तर किलोमागे मिळणारा फरक बागेचा सगळा खर्च झाकून टाकतो. माझ्या पगाराचं सोडा, बहिणीचं लग्न याच कंटेनरच्या पैशांवर झालंय.

अडचण निराळीच आहे, आणि ती मला ऑफिसातल्या खुर्चीवरून कधीच दिसली नसती. विकास सोसायटीचं पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरलं तर व्याजात सवलत मिळते. ती तारीख चुकली की खातं थकीत, आणि पुढचं कर्ज अडतं. फेब्रुवारीत भरलेल्या कंटेनरची पट्टी एप्रिलच्या शेवटी आली तर लवकर आली म्हणायची, मार्चात भरलेल्याची मे-जून. आफ्रिकेचा वळसा पडला की त्याच्याही पुढे. एप्रिलात तर खरड छाटणी असते, मजूर, खत, औषध सगळं उभं राहतं. जहाजाच्या वेळापत्रकात सोसायटीच्या सचिवाला जागा नाही. म्हणून चांगला भाव समुद्रावर असताना माणसं हातउसने काढतात, किंवा सोनं बँकेत ठेवतात, आणि पट्टी आली की आधी ते सोडवतात.

यंदा आण्णांनी वाटणी केली आहे. विहिरीकडचा एक प्लॉट व्यापाऱ्याला, सोसायटी भागेल एवढाच, आणि काट्यावर माल चढायच्या आत पैसे खात्यात आले पाहिजेत या बोलीवर. अवकाळीत मार खाल्ला तर बेदाण्याला शेजाऱ्याचं सुकवायचं रॅक सांगून ठेवलंय. बाकी सगळा माल कंटेनरला. मला म्हणाले, "तुमच्या मालकांना सांग, आमचा पहिल्या जहाजाला घ्या. मागनं नको." मालकांना सांगितलंय. ते बघू म्हणाले. मण्यातली साखर अजून सतराच्या पुढे सरकायची आहे आणि पहिल्या जहाजाच्या कट-ऑफची, म्हणजे माल पोहोचवायच्या शेवटच्या मुदतीची, मेल आलेली नाही.